बाटलेले पाणी, औषध टाकलेले पाणी

महाड-पोलादपूरकडच्या वाड्यांवर पावसाळ्याच्या तोंडाशी एक वाक्य हमखास कानी पडते : ‘विहिरीत औषध टाकलंय, आत्ता पाणी भरू नका.’ हे औषध म्हणजे ब्लीचिंग पावडर. ग्रामपंचायतीच्या दप्तरात तिचे नाव टीसीएल. त्याच घरात उंदराचे औषध असते, ढेकणांचे औषध असते, आणि शहरात डासांसाठी धूर सोडणारी गाडी आली की ‘औषध मारायला आले’ असे म्हणतात. वास्तविक या सगळ्या वस्तू मारणाऱ्या आहेत. जी वस्तू कोणाला तरी बरे करते ती औषध, असा अर्थ शाळेत शिकलेल्या आम्हांला हा प्रयोग प्रथम विनोदी वाटला होता. पुढे विचार करता असे वाटू लागले, की या बोलण्यात विहीर, खाट आणि घर हेच रोगी मानलेले आहेत, आणि औषध त्यांना दिले जात आहे. आरोग्यशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. तथापि स्वच्छतेचा इतिहास हा बऱ्याच अंशी शब्दांचाही इतिहास असतो, आणि तो तपासायला महाडसारखी दुसरी जागा महाराष्ट्रात नाही, म्हणून हे धाडस.

पाणी बिघडणे या एका घटनेसाठी मराठीत किती क्रियापदे आहेत पाहा. पाणी गढूळ होते, नासते, कुजते, दूषित होते. आणि पाणी बाटते. यांतली पहिली चार क्रियापदे पाण्याच्या अवस्थेविषयी बोलतात. त्यांचा पडताळा डोळ्यांनी, नाकाने किंवा प्रयोगशाळेत घेता येतो. पाचवे क्रियापद पाण्याविषयी बोलतच नाही. ते पाण्याला कोणी हात लावला याविषयी बोलते. बाटलेले पाणी स्फटिकासारखे निर्मळ असू शकते, आणि न बाटलेल्या पाण्यात म्हशी डुंबत असू शकतात. एकाच नामाला लागणाऱ्या या दोन जातींच्या क्रियापदांमध्ये जो झगडा झाला, त्याचे सर्वांत मोठे स्थळ म्हणजे महाडचे चवदार तळे.

तळ्याची हकिकत वाचकांना ठाऊक आहे; आम्ही फक्त आमच्या विषयापुरती सांगतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात संमत झाला : सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४मध्ये तसा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि २० तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि परिषदेचे प्रतिनिधी मिरवणुकीने तळ्यावर जाऊन तेथले पाणी प्याले. त्यानंतर गावात अफवा उठली, की आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार; प्रतिनिधींवर लाठ्याकाठ्या चालल्या. आणि मग तळ्याची शुद्धी झाली. एकशे आठ घागरी पाणी उपसून बाहेर टाकले गेले. दूध, दही, तूप, गोमूत्र आणि शेण मंत्रघोषात तळ्यात सोडले गेले. तळे पुन्हा ‘शुद्ध’ म्हणून जाहीर झाले.

या विधीचा विचार आपण बहुधा धर्माच्या किंवा सत्तेच्या अंगाने करतो, आणि ते योग्यच आहे. पण आम्हांला येथे त्याची रचना पाहायची आहे. घातक वस्तू पाण्यात शिरली आहे असे निदान, ठरावीक मात्रेत ठरावीक द्रव्ये, ठरावीक कृती, आणि शेवटी पाणी वापरास योग्य असल्याचा दाखला. निर्जंतुकीकरणाची पद्धतही याहून वेगळी नसते. सांगाडा तोच, फक्त ज्या ठिकाणी जंतू असायला हवेत त्या ठिकाणी माणसे बसवलेली. चार-पाच एकरांच्या या तळ्यात पाणी येई ते मुख्यतः पावसाचे आणि थोडे झऱ्यांचे. चारी बाजूंनी रस्ते, रस्त्यांपलीकडे घरे. अशा तळ्यात एकशे आठ घागरींनी कोणताही पदार्थ कमी होत नाही, हे गणित उपसणाऱ्यांनाही कळत असणार. पण जो पदार्थ काढायचा होता तो पदार्थ नव्हताच.

क्लोरीनचे वागणे माहीत असेल तर या प्रसंगाकडे आणखी एका बाजूने पाहता येते. ब्लीचिंग पावडर पाण्यात मिसळली की तिच्यातून हायपोक्लोरस आम्ल तयार होते आणि ते जंतूंचे आवरण भेदून त्यांना मारते. पण हे आम्ल निवड करीत नाही. पाण्यात शेण, पाचोळा, चिखल असे जे जे सेंद्रिय असेल त्याच्यावर ते आधी खर्च होते. उरलेच तर जंतूंच्या वाट्याला येते. यालाच पाण्याची क्लोरीनची मागणी म्हणतात. म्हणजे ज्या द्रव्यांनी १९२७मध्ये तळे शुद्ध केले गेले, नेमकी तीच द्रव्ये पाणी निर्जंतुक करणाऱ्याला प्रथम निपटावी लागतात. येथे केवळ श्रद्धा आणि विज्ञान असे दोन रस्ते वेगळे झाले म्हणून भागत नाही. एक कृती दुसरीचे काम प्रत्यक्ष वाढवून ठेवते.

त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात परिषद पुन्हा भरली. बाबासाहेब मुंबईहून जलमार्गाने दासगाव बंदरात उतरून महाडला आले. कोर्टाची मनाई आल्यामुळे तळ्यावर जाणे तहकूब झाले. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. चवदार तळ्याचे पाणी पिऊन कोणी अमर होणार नाही आणि त्याच्यावाचून आपण मेलोही नाही, अशा आशयाचे बाबासाहेबांचे त्या परिषदेतले उद्गार प्रसिद्ध आहेत. पाण्याच्या गुणाविषयी त्यांनी कोणताही दावा केला नाही हे आम्हांला महत्त्वाचे वाटते. लढा चांगल्या पाण्यासाठी नव्हता, ‘बाटणे’ या क्रियापदाविरुद्ध होता. दावा पुढे दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला : अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची चाल अनादि काळापासून चालत आली आहे, हे वादींना सिद्ध करता आलेले नाही.

या झगड्याची भाषा महाडातच आधी घडली होती. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर सैन्यातून निवृत्त झाल्यावर लिहू लागले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात त्यांनी ‘विटाळविध्वंसन’ ही पुस्तिका काढली. शीर्षक पुन्हा वाचावे. ज्या काळात विटाळाचा विध्वंस करण्याचे काम पंचगव्याकडे सोपवलेले होते, त्या काळात वलंगकरांनी विटाळ या कल्पनेचाच विध्वंस आरंभिला. १८९५मध्ये त्यांची नेमणूक महाड तालुका लोकल बोर्डावर झाली आणि बोर्डातल्या उच्चवर्णीयांना ती रुचली नाही. रस्ते, विहिरी, साफसफाई पाहणारी ही संस्था. सार्वजनिक आरोग्याचे या मुलखातले पहिले आधुनिक टेबल म्हणता येईल. त्या टेबलाशी पहिला तंटा झाला तो विहिरीत काय आहे यावरून नव्हे, टेबलाशी कोण बसला आहे यावरून.

पुढच्याच वर्षी, १८९६च्या सप्टेंबरात, मुंबईत प्लेग उघडकीस आला. मुंबई आणि हा मुलूख यांना जोडणारी वाट सावित्रीच्या खाडीतून जाई. मुंबईत पोट भरणारे कोकणी लोक संकट आले की बोटीने गावी परतत, आणि प्लेगच्या पहिल्या हंगामात मुंबई सोडणाऱ्यांची संख्या लाखांत होती. मागे राहिलेल्यांच्या घरांत सरकारी पथके शिरली. भिंतींना चुना, मोऱ्यांत कार्बोलिक ॲसिड, कपड्यांची होळी, उजेड यावा म्हणून छपराची कौले उतरवणे, आणि राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ ही अक्षरे. पुण्यात याच मोहिमेतल्या दांडगाईतून २२ जून १८९७ची रँडची हत्या घडली. तो इतिहास आपण देशभक्तीच्या प्रकरणात शिकवतो. आरोग्याच्या प्रकरणात शिकवायचा तर सांगावे लागेल, की या निर्जंतुकीकरणाचा नेमही चुकलेला होता. रोग जमिनीतून, कोंदट हवेतून, घाणीतून येतो असे समजून भिंती धुतल्या जात होत्या. रोग वाहत होती ती उंदरावरची पिसू. सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८मध्ये हे सुचवले तेव्हा त्याला कोणी मानले नाही, आणि ते निर्विवाद ठरायला १९०५नंतरचे मुंबईतले प्रयोग व्हावे लागले. घरे उकरल्याने उंदीर शेजारच्या घरांत पळत, एवढाच काय तो परिणाम. गावकऱ्यांना मात्र ‘उंदीर पडणे’ या शब्दप्रयोगातून संबंध आधीच दिसलेला होता : उंदीर पडू लागले की गाव सोडून माळावर झोपड्या घालायच्या.

घरातल्या किड्यामुंग्यांशी चालणारी लढाई या मोठ्या इतिहासाच्या खाली, बायकांच्या हातांनी, अखंड चाललेली होती. शेणाने सारवणे, धान्यात कडुनिंबाचा किंवा निर्गुडीचा पाला घालणे, तिन्हीसांजेला धूप जाळणे, गाद्या-वाकळा उन्हात टाकणे, खाटेच्या सांध्यांत कढत पाणी ओतणे. यातले काही उपयोगी, काही नुसते समाधानाचे. मग दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आले. मुंबई इलाख्यात १९४६च्या सुमारास डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी कारवार-धारवाडकडे मोठ्या प्रमाणावर फवारणी सुरू केली. १९५३मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम आला आणि १९५८मध्ये ‘नियंत्रण’ जाऊन ‘निर्मूलन’ हा शब्द आला. पाठीवर पंप घेतलेले फवारणीवाले वाडी-वाडीतून हिंडू लागले. डास चावून झाल्यावर जड अंगाने भिंतीवर टेकतो, म्हणून औषध भिंतीवर मारायचे, आणि ते महिनोन् महिने टिकायचे, अशी ही युक्ती. काम झाले की दारावर किंवा भिंतीवर गेरूने तारीख टाकायची.

या युक्तीला दोन गोष्टी आडव्या आल्या आणि दोन्ही घरातल्याच होत्या. पहिली अशी, की सणासुदीला घरधनीण भिंत सारवून काढी, किंवा चुना लावी, आणि औषधावर नवा थर चढे. मातीची भिंत तर मुळातच औषध पिऊन टाकते. डासाचे पाय टेकत ते ताज्या शेणामातीवर. (येथे पुन्हा शेण आणि जंतुशास्त्र यांची गाठ पडली, पण या वेळी त्यात कोणाचा द्वेष नव्हता, घर टापटीप ठेवण्याची हौस होती. तेवढा फरक आम्ही करू इच्छितो.) दुसरी अशी, की ढेकणांना डीडीटी लवकरच पचू लागले. पहिल्या वर्षी ढेकूण मेले म्हणून लोकांनी फवारणीचे स्वागत केले होते. पुढे ते मरेनात, आणि मग लोकांनी दारे लावून घेतली. हिवतापाचे आकडे कागदावर वाचणाऱ्याला ढेकूण गौण वाटतो. रात्रभर खाजवणाऱ्याला तो गौण नव्हता. फवारणीवाल्याला माजघरात, स्वयंपाकघरात, देवघरातही शिरायचे असे; त्याची जात, त्याचे पायताण, त्याचा पंप हे सगळे उंबऱ्यावर तपासले जाई. देशातले हिवतापाचे रुग्ण १९६५मध्ये सुमारे एक लाखावर आले होते. १९७६मध्ये ते चौसष्ट लाखांवर गेले. कारणे पुष्कळ होती : डासांची प्रतिकारशक्ती, पैशाची चणचण, सैल पडलेली यंत्रणा. त्यांत हा उंबराही धरायला हवा. हे औषध पुढे आपल्याच रायगड जिल्ह्यात, रसायनीच्या सरकारी कारखान्यात तयार होऊ लागले, हेही जाता जाता नोंदवतो.

आम्हांला खंत वाटते ती वेगळीच. प्लेगला मराठी साहित्यात जागा मिळाली. आत्मचरित्रांतून, कादंबऱ्यांतून तो वारंवार येतो. हिवतापाच्या फवारणीवाल्याला ती मिळाल्याचे आमच्या वाचनात नाही. पाठीवर टाकी, तोंडाला रुमाल, हातात वही घेऊन घाट चढणारा हा मनुष्य तीस-चाळीस वर्षे प्रत्येक मराठी घराच्या आतल्या खोलीपर्यंत गेला. ग्रामीण कादंबरीत तलाठी आहे, मास्तर आहे, ग्रामसेवक आहे; हा नाही. ज्याने घरे आतून पाहिली त्याच्याकडे लेखकांनी पाहिले नाही. एखाद्या विद्यार्थ्याने संशोधनासाठी हा विषय घ्यावा. निवृत्त हिवताप कर्मचारी अजून भेटतात.

आता अलीकडे येऊ. सावित्री महाबळेश्वरी उगम पावते, पोलादपूरवरून खाली येते आणि महाडला तिला काळ व गांधारी या नद्या मिळतात. खालून खाडीची भरती येते. वर पाऊस आणि खाली भरती असे जुळले की महाड मधे सापडते. २२ जुलै २०२१ रोजी तसे जुळले. महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. शहराचे तळमजले बुडाले. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळिये येथे डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. २००५च्या जुलैत जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन येथे जे घडले होते ते सोळा वर्षांनी पुन्हा घडले.

पाणी उतरल्यावर उरतो तो चिखल. आम्ही काही दिवसांनी एका स्नेह्यांकडे गेलो, तेव्हा भिंतीवर पुराची रेघ छातीच्या वर होती आणि पुस्तकांचे कपाट फुगून उघडेनासे झाले होते. चिखलात काय असते याचा विचार तोवर आम्ही केला नव्हता. पुराचे पाणी बिळांत शिरते तेव्हा उंदीर-घुशी वर येतात. लेप्टोस्पायरा नावाचे जंतू उंदीर, घुशी, कुत्री, गुरे यांच्या मूत्रातून पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगेतून, जखमेतून माणसाच्या अंगात जातात. भातलावणीच्या दिवसांत अनवाणी चिखलात उभ्या राहणाऱ्या कोकणी शेतमजुराला हा रोग पुराशिवायही गाठतो. म्हणून डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटणे, ब्लीचिंगची फक्की टाकणे, धूर सोडणे, मेलेली जनावरे उचलणे ही कामे तातडीची होती. मुंबई, ठाणे, नवी मुंबई या महापालिकांची पथके गाड्या-पंपांसह आली आणि अनेक सेवाभावी मंडळीही आली. गल्ल्यांतला कचऱ्याचा डोंगर उपसला गेला.

ज्या गावाने १९२७मध्ये एका समाजाच्या स्पर्शापासून पाणी शुद्ध करून घेतले, त्या गावाला २०२१मध्ये शुद्ध करायला जी माणसे आली, त्यांत त्या समाजातली किती होती हे कोणी मोजले नाही. भारतातल्या सफाई खात्यांची घडण ज्याला माहीत आहे त्याला मोजावे लागत नाही. त्या दिवसांत त्यांना लोकांनी घरात बोलावले, चहा दिला, पाया पडलेही. ते आम्ही पाहिले आणि ते खरे होते. पण गुडघाभर चिखलात उतरताना किती जणांच्या पायांत गमबूट होते, तेही आम्ही पाहिले. क्रियापद बदलले, काम वाटण्याची रीत तेवढी बदलली नाही.

महाडजवळ गांधारपाल्याची लेणी आहेत. तेथल्या प्राकृत शिलालेखात कानभोज विष्णुपालित या कुमाराच्या दानात लेणे, चैत्यगृह, खोल्या यांच्या जोडीने पाण्याच्या पोढींचीही गणना आहे. पाणी साठवून ते येणाऱ्याजाणाऱ्याला देणे हे दान मानणाऱ्या परंपरेचा हा पुरावा चवदार तळ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पोलादपुरात ‘शिवभारत’कार कवींद्र परमानंदांची समाधी आहे, तिच्या आसपासच्या डोंगरांतल्या वाड्यांवर चार महिने आभाळ फाटते आणि एप्रिल-मेमध्ये टँकर लागतो. जेथे पाणी असे येते आणि जाते, तेथे ते निर्जंतुक ठेवणे हे जिकिरीचे काम आहे. ब्लीचिंग पावडर ताजी असताना तिच्यात क्लोरीनचा अंश साधारण एक-तृतीयांश असतो. कोकणच्या दमट हवेत पिशवी उघडी राहिली तर तो उडून जातो आणि नुसती पांढरी माती शिल्लक राहते. हजार लिटर पाण्याला पाच ग्रॅम पावडर असा हिशेब. विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली काढून तो करायचा. काही ठिकाणी वाळू आणि पावडर भरलेले, तळाशी भोके पाडलेले मडके विहिरीत टांगून ठेवतात, म्हणजे क्लोरीन हळूहळू सुटत राहतो. औद्योगिक वसाहतीतली रसायने पाण्यात उतरली तर मात्र हे मडकेही उपयोगाचे नाही, ही महाडची नवी अडचण आहे आणि तिच्यासाठी मराठीने अजून स्वतंत्र क्रियापद घडवलेले नाही.

गेल्या जूनमध्ये पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीवर आम्ही गेलो होतो. जलसुरक्षक म्हणून नेमलेला तरुण विहिरीवर उभा होता. पावडर बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन, वरचे निवळ त्याने विहिरीत सोडले होते. अर्ध्या तासाने काचेच्या नळीत पाणी घेऊन त्याने ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले आणि नळी उजेडाकडे धरली. फिकट पिवळा रंग आला. कळशी घेऊन आलेल्या एका बाईंनी वास घेतला आणि नाक मुरडले.

‘अरे, लय औषध टाकलंस. चहा नासतो याचा.’

‘काकू, संध्याकाळपर्यंत वास जातो.’

‘मग तवर झऱ्यावरचं आणते.’

त्या निघाल्याही. त्याने नळी धुऊन खिशात ठेवली, पिशवीतून मेडिक्लोरची छोटी बाटली काढली आणि हंड्याला किती थेंब घालायचे ते सांगत त्यांच्या मागोमाग उतरू लागला.